आत्यांच्या खोलीचे छत

मित्रांनो, मी एक जुनी थापी आहे. भिंतीला गिलावा करताना गवंड्याच्या हातात असते ना, लाकडी मुठीची आणि पानासारख्या पोलादी पात्याची, तीच. 'जुनी' म्हणताना माझी मान खाली जात नाही. एके काळी माझे पाते तळहाताहून मोठे होते. आता ते झिजून बोटाएवढे झाले आहे. बाकीचे कुठे गेले, असे विचाराल तर ते घराघरांतल्या भिंतींना लागले. कुठे बैठकीच्या खोलीला, कुठे जिन्याला, कुठे मोरीच्या कोपऱ्याला.

माझा जन्म एका लोहाराच्या भट्टीत झाला. एका ट्रकच्या स्प्रिंगचा मोडलेला पाटा त्याच्या दुकानात पडून होता. त्याचे पोलाद तापवून, ठोकून त्याने मला घडवले. "ट्रकचं वजन पेललेलं पोलाद आहे हे," असे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा. इतर थाप्यांबद्दलही तो हेच सांगायचा, हे मला नंतर कळले. पण तोवर मी ते मनावर घेतले होते आणि त्याचा मला आयुष्यभर उपयोगच झाला.

एके दिवशी दुकानात एक तरुण गवंडी आला. त्याने खिळ्यावर टांगलेल्या एकेका थापीला नखाने टिचकी मारली आणि कान देऊन आवाज ऐकला. माझा आवाज ऐकल्यावर त्याने पुन्हा कुणाला टिचकी मारली नाही. हा गवंडी उंचीने अगदी बेताचा होता, म्हणून लोक त्याला लंबू मिस्त्री म्हणत. छताचे काम करताना त्याची परांची, म्हणजे उभे राहायचा बांबू-फळ्यांचा मांडव, इतरांपेक्षा वीतभर उंच बांधावी लागे. तो म्हणायचा, "उंच माणसाला छताखाली मान मोडून उभं राहावं लागतं. मला देवानं या धंद्यासाठीच मापून पाठवलंय."

त्या मिस्त्रींच्या हातात मी कितीतरी वर्षे काम केले. मित्रांनो, गिलाव्याच्या कामाबद्दल लोकांना एकच प्रश्न पडतो. किती दिवस लागतील? घरात पाऊल टाकले की चहा येतो आणि चहाबरोबर हा प्रश्न येतो. पुढे पुढे चहा यायचा थांबतो, प्रश्न मात्र रोज येतो. लोकांचेही खरे असते. सगळे सामान एका खोलीत कोंबलेले, पलंगावर कपाट, कपाटावर गाद्या, भाकरीतुकड्यातही रेती. अशा घरात कोण किती दिवस काढणार? पण भिंतीचेही काही म्हणणे असते.

आधी जुना सुटलेला गिलावा पाडायचा. मग उघड्या भिंतीला टाचे मारायचे, म्हणजे बारीक खाचा पाडायच्या, नाहीतर नवा माल, म्हणजे कालवलेले सिमेंट-वाळू, धरत नाही. भिंत झाडायची, भिजवायची. छत आधी करायचे आणि भिंती मागून, कारण छताचा माल खाली सांडतो आणि केलेली भिंत खराब करतो. पहिला थर द्यायचा, तो घट्ट होऊ द्यायचा, मग वरचा थर. पट्टी फिरवून उंच-सखल काढायचे, रंध्याने, म्हणजे सपाट लाकडी फळीने, घोटायचे. इथपर्यंतचे काम हाताचे असते. मोठी खोली असली तरी चपळ मिस्त्री ते फार लांबवत नाही. त्यानंतर मात्र हात बांधून बसावे लागते. रोज पाणी मारून भिंत ओली ठेवायची, म्हणजे ती आतून पक्की होते. मग पाणी थांबवून तिला आपली आपण सुकू द्यायची. रंगाचा ब्रश त्यानंतर. या थांबण्यालाच सगळ्यांत जास्त दिवस लागतात, आणि तेच दिवस लोकांना फुकट गेल्यासारखे वाटतात.

मिस्त्रींच्या भिंतींची कीर्ती होती. एका घरमालकाने रात्री दिवा भिंतीला चिकटवून धरला, म्हणजे जरासा खड्डा असला तरी सावली पडेल. सावली पडली नाही. त्याने दुसऱ्या भिंतीला धरला. तिथेही पडली नाही. शेवटी तो म्हणाला, "मिस्त्री, माझा दिवाच बिघडलाय वाटतं." अशी शाबासकी मिळाली की मिस्त्री मला त्या दिवशी जरा जास्त घासून धुवायचे.

मग एकदा परांचीची फळी सरकली. मिस्त्री खाली आले ते उजव्या खांद्यावर. हाड सांधले, पण हात खांद्याच्या वर जाईना. डॉक्टर म्हणाले, एवढाच जाणार. छत सोडाच, मिस्त्रींना शर्ट घालायला मदत लागू लागली.

त्या दिवशी घाईघाईत मला कुणी धुतले नाही. अंगावरच्या मालासकट मी पिशवीत गेले आणि पिशवी दारामागे टांगली गेली. माल वाळून दगड झाला. मुठीत ओल शिरली, पात्यावर गंजाचे ठिपके आले, मग ठिपक्यांचे डाग झाले. दाराची उघडझाप झाली की मी भिंतीवर आपटायचे, एवढीच काय ती माझी आणि भिंतीची गाठ. मिस्त्री पिशवीकडे बघत नसत. पाठ फिरवून बसत.

त्यांची बायको मात्र बघायची. सगळे त्यांना मिस्त्रीणबाई म्हणत. इतकी वर्षे त्यांनीच मिस्त्रींना माल कालवून दिला होता, घमेली वर पोचवली होती. वाळू किती, सिमेंट किती, पाणी किती, हे त्यांचा हात सांगायचा. एका सकाळी त्यांनी पिशवी काढली, मला बाहेर घेतले, विटेच्या तुकड्याने घासघास घासले आणि तेलाचे बोट फिरवले.

"काय करतेस?" मिस्त्रींनी विचारले.

"तुमच्या हातात बसायची ही. माझ्या हातात बसते का बघते."

मिस्त्रींनी मान वळवून माझ्याकडे बघितले. म्हणाले, "मूठ सैल झालीय तिची. आधी पाचर मार."

घराच्या मागच्या भिंतीवर आमची शिकवणी सुरू झाली. सिमेंट कुठले, साधा चिखल. बाई चिखल थापत, मिस्त्री स्टुलावर बसून बघत, बाई तो खरवडून पुन्हा थापत. "खांदा नको, मनगट. मनगट फिरव," मिस्त्री म्हणायचे. भिंत जमू लागली तेव्हा बाई दारावरच्या छज्ज्याखाली उभ्या राहिल्या. तिथे माल वर मारायचा असतो. पहिला गोळा छज्ज्याला लागला, क्षणभर थांबला आणि सरळ बाईंच्या कपाळावर आला. मिस्त्री हसले. खांदा मोडल्यापासून पहिल्यांदाच हसले. बाई कपाळ पुसत म्हणाल्या, "हसा. उद्या तुमच्याच डोक्यावर पाडते." आणि त्याही हसायला लागल्या.

मित्रांनो, छताचा माल वर फेकायचा नसतो. मनगटाच्या एका झटक्यात तो दाबून चिकटवायचा असतो आणि पाते लगेच तिरपे काढून घ्यायचे असते. सरळ ओढले तर माल पात्याबरोबर परत येतो. हे मला माहीत होते, पण मी बोलू शकत नव्हते. बाईंना ते ज्या दिवशी उमगले, त्या दिवशी त्यांनी छज्जा खरवडला नाही. तसाच ठेवला.

कामे मिळू लागली, पण किरकोळ. कुंपणाची भिंत, पाण्याच्या टाकीचा कठडा, न्हाणीघराची एक बाजू. आता मिस्त्री खाली बसून डाव्या हाताने माल कालवत आणि बाई काम करत. लोक कौतुकही करत. पण छत म्हटले की सगळे मागे सरत. कुणाच्या डोक्यावरचे काम बाईमाणसाकडे द्यायचे, हे कुणाच्या गळी उतरत नव्हते. तोंडावर कुणी नाही म्हटले नाही. "बघू," म्हणत आणि दुसऱ्याला बोलावत.

अशात एक बस-ड्रायव्हर मिस्त्रींना शोधत आला. त्याने पूर्वी मिस्त्रींचे काम पाहिले होते. खांद्याचे त्याला काही माहीत नव्हते.

त्याच्या घरात तो, त्याची बायको, शाळेत जाणारी मुलगी आणि त्याची मोठी बहीण राहत. बहिणीला लहानपणापासून दिसत नव्हते. भाची त्यांना आत्या म्हणायची, म्हणून गल्लीही आत्याच म्हणायची. आत्या खुर्च्यांना वेत विणून देत. रस्त्याकडच्या खोलीत त्यांचे काम चाले. एका बाजूला पाण्यात भिजत घातलेले वेत, दुसऱ्या बाजूला रिकाम्या चौकटी, मध्ये त्या. खोलीतले सगळे त्यांना तळहाताने पाठ होते. भिंतीवर हात ठेवून त्या अशा चालत की नव्या माणसाला त्यांना दिसत नाही हे कळायलाच वेळ लागे.

त्या खोलीवर पाण्याची टाकी होती आणि तिचा पाइप कितीतरी महिने झिरपत होता. छत फुगले. एका दुपारी आत्या पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेल्या आणि मागे छताचा मोठा तुकडा खाली आला. जिथे त्या बसत होत्या, बरोबर तिथे. अर्धी विणलेली खुर्ची चेपून गेली. पाइप दुरुस्त झाला, पण त्या खोलीत पाऊल टाकायला त्यांना बंदी झाली. आत्यांनी आपले वेत घेऊन अरुंद बोळात बस्तान मांडले. येणारा-जाणारा वेतांत अडकायचा आणि "सॉरी, आत्या" म्हणायचा. एका नव्या वाचनालयाच्या खुर्च्या त्यांच्याकडे आल्या होत्या. दिवसातून इतक्या वेळा उठून लोकांना वाट द्यावी लागे की खुर्ची काही पुढे सरकत नव्हती.

मिस्त्री आणि बाई मला घेऊन खोली बघायला गेले. तिथे ड्रायव्हरला मिस्त्रींनी खांद्याची गोष्ट सांगितली आणि म्हणाले, "छत ही करेल. मी खाली उभा असेन."

ड्रायव्हरने बाईंकडे पाहिले, वर छताकडे पाहिले. उघड्या सळ्या लोंबत होत्या. "बाई, छताचं काम केलंय तुम्ही?"

"घराच्या छज्ज्याला केलंय," बाईंनी खरे ते सांगितले. "खोलीचं छत पहिलंच."

ड्रायव्हर तोच नेहमीचा 'बघू' बोलणार होता, मला त्याच्या चेहऱ्यावर तो दिसत होता. तेवढ्यात दाराशी उभ्या असलेल्या आत्या म्हणाल्या, "बाई, जरा तुमचा हात द्या." बाईंनी हात पुढे केला. आत्यांनी तळहात, बोटांची पेरे, अंगठ्याचे मूळ असे सगळे चाचपले. मग भावाला म्हणाल्या, "खोली माझी आहे. डोकंही माझंच आहे. यांनाच करू दे."

"आणि किती दिवस लागतील?" ड्रायव्हरने विचारलेच.

"हातांचं काम लवकर उरकेल," मिस्त्री म्हणाले. "सुकायला लागेल तेवढं लागेल. त्यात मध्ये कुणी बोट घालायचं नाही."

काम सुरू झाले. बाईंनी डोक्याला फडके बांधले आणि छतावरचे उरलेले सुटे सगळे पाडले. सळ्यांचा गंज तारेच्या ब्रशने काढला, त्यांना रंग दिला. टाचे मारले. मग ती वेळ आली. परांचीवर बाई उभ्या, एका हातात मालाची पाटी, दुसऱ्या हातात मी. खाली मिस्त्री वर बघत होते. त्यांचा चांगला हात नकळत वर जाऊन मनगटातून वळत होता.

पहिला घास बाईंनी छताला दाबला आणि मला तिरपे काढून घेतले. आम्ही तिघेही श्वास रोखून थांबलो. माल पडला नाही. बाईंनी त्याच्या शेजारी दुसरा लावला, मग तिसरा. मित्रांनो, मी कितीतरी छतांना लागले आहे, पण त्या दिवशी माझे पाते जसे थरथरले तसे पुन्हा कधी थरथरले नाही. दुपारपर्यंत बाईंची मान ताठली, डोळ्यांत सिमेंटचे पाणी गेले, दंडाला गोळे आले. मिस्त्री म्हणाले, "अगं, उतर, जरा बस." त्या म्हणाल्या, "ही ओळ पुरी झाल्याशिवाय नाही. जोड राहिला तर दिसेल." जोड राहिला नाही.

पुढचे अनेक दिवस छताला नुसते पाणी पाजणे चालले. फवाऱ्याने सकाळी, फवाऱ्याने संध्याकाळी. छत घट्ट झाल्यावर भिंती घेतल्या. एक झाली, दुसरी झाली. आत्या रोज दाराशी येत. आत येत नसत, नुसता ओल्या सिमेंटचा वास घेत आणि विचारत, "आज कुठली?" घरात अजून किती दिवस हे न विचारणाऱ्या तेवढ्या एकट्याच होत्या.

ड्रायव्हर मात्र विचारायचा. त्याचा स्वभाव वाईट नव्हता. पहाटे बस काढायची, दिवसभर रस्त्यावर भोंगे ऐकायचे, घरी यावे तर सगळे घर एका खोलीत. त्यात वाचनालयाचा माणूस येऊन गेला आणि बोळात बसून काम करताना आत्यांचे बोट कापले. त्यांच्या बोटाला बांधलेली चिंधी ड्रायव्हरने पाहिली.

शेवटची भिंत संपवून बाई आणि मिस्त्री घरी गेले. मला धुऊन, पुसून त्यांनी बादलीत, पोत्याखाली ठेवले होते. जाताना बाई सांगून गेल्या, "भाऊ, संध्याकाळी या भिंतीवर पाणी मारा. ही अजून कोवळी आहे." ड्रायव्हर हो म्हणाला.

संध्याकाळी तो आला, पण पाणी घेऊन आला नाही. कुणाकडून तरी मागून आणलेला एक भलामोठा हीटर आणि दोन पंखे घेऊन आला. त्याने खिडकी लावली, हीटर त्या भिंतीकडे तोंड करून ठेवला, पंखे सुरू केले आणि दार ओढून घेतले. बहिणीला उद्या खोलीत बसवायचे, एवढेच त्याच्या मनात होते. हे मला कळत होते, आणि भिंत काय सोसते आहे तेही कळत होते. पोत्याखाली माझे पाते तापले. मग बारीक आवाज येऊ लागला. टिक. थोड्या वेळाने पुन्हा, टिक. लोखंडाला ओरडता येत नाही, मित्रांनो.

सकाळी सर्वांत आधी आत्या आल्या. इतके दिवस त्यांनी भिंतीला हात लावला नव्हता. त्या दिवशी खोलीची गरम हवा अंगावर आली तशा त्या थबकल्या आणि त्यांनी तळहात भिंतीवर टेकवला. बोटे सरकली, थांबली, पुन्हा सरकली. केसासारख्या भेगा होत्या. डोळ्यांना त्या उन्हात नीट दिसल्याही नसत्या. आत्यांनी बोटाच्या पेराने भिंत वाजवली. आवाज पोकळ आला.

"अरे, इकडे ये," त्यांनी भावाला हाक मारली.

ड्रायव्हर बसचा गणवेश घालता घालता आला. आत्यांनी त्याचा हात धरून भेगेवर ठेवला. "कळतंय?"

"ताई, तुझ्यासाठी..."

"ते माहितीये मला. पण आता त्यांना तू सांगायचंस. मी नाही सांगणार."

मिस्त्री आणि बाई आले तेव्हा ड्रायव्हर दारातच उभा होता. बस त्याने दुसऱ्या कुणाला तरी दिली होती. "माझ्यामुळं झालं," तो म्हणाला. "पाणी नाही मारलं. हीटर लावला."

बाईंनी बादलीतून मला उचलले आणि उलटे धरून मुठीने भिंत वाजवत गेल्या. कोपऱ्यापासून खिडकीपर्यंत पोकळ. अर्ध्याहून जास्त भिंत गेली होती. बाकीच्या भिंती आधी झाल्या होत्या आणि पुरते पाणी प्यायल्या होत्या, त्या वाचल्या. मग मिस्त्रींनी वर पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला. तापलेली हवा सगळी वर जाते.

"छत बघ," ते हळूच म्हणाले.

बाई परांचीवर चढल्या. ते त्यांचे पहिलेच छत होते, त्यांच्या मानेतले, दंडातले सगळे दुखणे त्यात होते. हे छत सुटले असते तर लोकांनी हीटर विसरून बाईमाणूसच लक्षात ठेवले असते. बाईंनाही ते ठाऊक होते.

त्यांनी मुठीने पहिला ठोका दिला. ठण्.

हातभर पुढे दुसरा. ठण्. कोपऱ्यात, मध्यावर, जिथून तुकडा पडला होता तिथे. बाईंनी एक जागा सोडली नाही. भरदार, घट्ट, एकसारखा आवाज. छताला त्याचे पाण्याचे दिवस पुरते मिळाले होते आणि ते एका रात्रीच्या गरमीला बधले नव्हते. खाली आत्या मान वर करून ऐकत होत्या, जसे कुणी गाणे ऐकते. शेवटच्या ठोक्यानंतर त्या म्हणाल्या, "कुठंच पोकळ नाही."

"नाही," बाई म्हणाल्या. "कुठंच नाही."

मिस्त्री माल कालवायला बसले. पाठमोरे बसले होते, पण मला दिसले, ते बाहीने डोळे पुसत होते. सिमेंट गेले असेल असे म्हणायला हरकत नव्हती. फक्त अजून पोते उघडले नव्हते.

भिंत मात्र उतरवावी लागली. केलेली भिंत पाडणे हे नवी भिंत करण्याहून जड जाते. बाईंनी ती पाडली. ड्रायव्हरने अंगातला गणवेश काढला आणि राडारोडा घमेल्यातून बाहेर टाकला, बादल्या भरभरून पाणी आणले. मग वाचनालयात जाऊन खुर्च्यांना उशीर होईल असे सांगून आला. "काय म्हणाले?" आत्यांनी विचारले. तो म्हणाला, "म्हणाले, तोवर सतरंजीवर बसून वाचू."

भिंत पुन्हा झाली. त्यानंतर रोज संध्याकाळी, बस लावून आल्याबरोबर, ड्रायव्हर कपडे न बदलता आधी भिंतीला पाणी मारायचा. त्याची मुलगी म्हणायची, "बाबा तिला पाजतात आणि मला म्हणतात, स्वतःच्या हाताने घे."

शेवटी खोली सुकली. परांची काढायच्या दिवशी ड्रायव्हर दाराशी आला आणि म्हणाला, "मिस्त्री, फळ्या उतरवायच्या का?" लंबू मिस्त्रींनी सवयीने मान वळवली. पण ड्रायव्हर त्यांच्याकडे बघत नव्हता, बाईंकडे बघत होता. बाईंनाही क्षणभर कळले नाही. मिस्त्री म्हणाले, "अगं, तुला विचारतायत."

"थांबा," आत्या म्हणाल्या. "फळ्या काढायच्या आधी माझं एक काम आहे. मला वर चढायचंय."

ड्रायव्हर नको म्हणाला. त्याची बायको नको म्हणाली. बाईंनी मात्र शिडी सरळ केली, पाय रोवून धरली आणि आत्यांचे पाऊल पहिल्या पायरीवर ठेवून दिले. आत्या चढल्या. फळीवर बाई त्यांच्या मागे उभ्या राहिल्या, कमरेला हात देऊन. आत्यांनी दोन्ही हात वर केले. छत त्यांच्या हाताला लागले.

त्या कितीतरी वेळ तशाच उभ्या राहिल्या. तळहात हळूहळू सरकत होते, पुढे, मागे, बाजूला. भिंती त्यांना जन्मापासून ठाऊक होत्या. जमीन पावलांना ठाऊक होती. वर काय असते ते लोक सांगायचे तेवढेच.

"इतकी वर्षं या खोलीत राहिले," त्या म्हणाल्या, "आणि हे कधी भेटलंच नव्हतं." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "किती सपाट आहे. मला वाटायचं, आभाळासारखं मध्ये उंच असेल."

मी बाईंच्या कमरेला खोचलेली होते आणि मला माझ्या झिजलेल्या पात्याचा इतका अभिमान वाटला की काय सांगू. तो सपाटपणा आमच्या दोघींचा होता.

त्या छतानंतर बाईंना छते मिळू लागली. आत्याच सांगत सुटल्या. खुर्ची न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला त्या वर बघायला लावायच्या. वाचनालयाच्या खुर्च्याही उशिरा का होईना गेल्या आणि एकही परत आली नाही. आज बाईंकडे रबरी मुठीच्या नव्या थाप्या आहेत, हलक्या, चकचकीत. मोठ्या भिंती त्या करतात. मला बाई छताच्या कोपऱ्यांसाठी काढतात, जिथे रुंद पाते शिरत नाही. झिजल्यामुळे मी लहान झाले आणि लहान झाल्यामुळे जिथे पूर्वी पोचत नव्हते तिथे पोचते. दिवसाच्या शेवटी मिस्त्री मला स्वतः धुतात, डाव्या हाताने, आणि पाते उजेडात धरून बघतात. पिशवी दारामागे टांगायची नाही, असा त्यांच्या घरचा नियम झाला आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी कधी गिलाव्याचे काम निघाले तर धूळ होईल, गैरसोय होईल, चिडचिड होईल. होऊ द्या. ओल्या भिंतीवर नाव कोरू नका, तिला टेकून उभे राहू नका. तिला पाणी मारायची पाळी तुमच्यावर आली तर कंटाळा करू नका. भिंत उभी राहिली म्हणजे झाली असे नसते, तिला आतून पक्के व्हायला तिचे दिवस लागतात. ते तिला द्या. आणि काम संपले की हत्यार धुऊन, पुसून ठेवायला विसरू नका. कोणतेही असो, थापी असो की कात्री असो. अंगावर वाळलेला माल घेऊन अंधारात टांगून राहणे काय असते ते मी भोगले आहे.

आता मला पुसून कोरडे केले आहे आणि तेलाचे बोट फिरले आहे. उद्या सकाळी नवे घर आहे. जिन्याखालची अडचणीची खोली आहे म्हणे, कोपरेच कोपरे. बाईंनी आधी मलाच पिशवीत ठेवले आहे.